पडद्याचं दुसरं टोक

मी मूळची संशयी. माहेरी म्हणायचे, ही देवळातला प्रसादसुद्धा हुंगून खाते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. हुंगून खाल्लेलं सहसा बाधत नाही.

लग्न होऊन भाईंदर पूर्वेच्या या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा लिफ्ट कायम बंद. जिना चढताना कुठल्या मजल्यावर पोचलो ते आकडा न बघता कळायचं. पहिल्या मजल्यावर केरळच्या नर्सबाई, त्यांच्याकडे खोबरेल तेलातली फोडणी. दुसऱ्यावर उत्तर प्रदेशचे मास्तर, मोहरीच्या तेलाचा वास नाकात असा चढायचा की डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्यावर आम्ही आणि समोरच्या बेन. आमच्याकडे सुकट, त्यांच्याकडे हिंग, आणि मधल्या पॅसेजमध्ये दोघांची रोजची मारामारी. चौथ्यावर उत्तनकडचं एक ख्रिस्ती कुटुंब आणि त्यांच्या शेजारी रायगडच्या वहिनी. सगळे एकमेकांच्या नावाने नाक मुरडायचे आणि सणाला एकमेकांच्या ताटातलं खायचे.

नर्सबाई रिटायर होऊन गावी गेल्या. मास्तरांनी घर विकलं. ख्रिस्ती कुटुंब परत उत्तनला गेलं. कोणी कोणाला हाकललं नाही, भांडण नाही, तंटा नाही. एकेक घर विकलं गेलं, आत मार्बल बसला, दारावर नवी पाटी आली. आलेली माणसंही चांगली, सकाळी भेटली की हसणारी. पण एक दिवस लिफ्ट बिघडली म्हणून मी जिना चढत होते आणि तिसरा मजला कधी गेला ते कळलंच नाही. सगळ्या मजल्यांना एकच वास होता. हिंग, जिरं आणि अगरबत्ती. मी चौथ्यावर उभी राहून धापा टाकत म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. बहिणीसोबत शांती नगरला भाड्याचं घर बघायला गेले होते. एजंटने आधी आडनाव विचारलं, मग पंख्याकडे बघत म्हणाला, "खाना घर में क्या बनता है?" बहीण साधी, ती म्हणाली, "डाल-चावल." मी म्हटलं, "और मच्छी." एजंटने किल्ली खिशात घातली आणि दुसरं घर दाखवतो म्हणाला. ते दुसरं घर अजून दाखवतोय. घरी येईपर्यंत बहीण माझ्याशी बोलली नाही.

आता आमच्या गौरीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

आमचं सासर रत्नागिरीकडचं. गावच्या घराला कुलूप लागलं तेव्हापासून गणपती आणि गौर इथेच येतात, आणि त्यांच्यामागून सासूबाईही कायमच्या आल्या. आमची गौर तेरड्याची, वर मुखवटा, अंगावर साडी. पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी जेवते, तिसऱ्या दिवशी जाते. माहेरवाशीण ती, तिचे लाड करायचे. आणि आमच्या गौरीचे लाड म्हणजे तिखट. कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण आणि वडे. गणपती शेजारीच बसलेला असतो, त्याला मोदक, गोडाधोडाचं. म्हणून गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवताना गणपतीसमोर पडदा धरतात. पडदा म्हणजे सासूबाईंच्या सासूचं जुनं हिरवं लुगडं. तो खिळ्याला टांगायचा नाही. माणसांनी दोन टोकं हातात धरून उभं राहायचं, गौरीचं जेवण होईस्तोवर. असं कोकणात बऱ्याच घरांत आहे. हाताने धरण्याचा हट्ट मात्र आमच्याच घरचा असावा.

इथे हे सगळं मी चोरून करायचे. चोरून म्हणजे खिडक्या बंद, अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवलेला, आणि कुर्ल्यांचे बारीक पाय खलबत्त्यात कुटताना आवाज जाऊ नये म्हणून खाली टॉवेलची घडी. सासूबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "देवाचं जेवान करतेस की दारू गाळतेस?"

वरच्या वहिनींची गौरही तिखट जेवणारी. पूर्वी आम्ही दोघी मिळून बाजार करायचो. एका वर्षी ह्यांना ऐन सणाला ड्युटी लागली, तेव्हा आमच्या पडद्याचं दुसरं टोक वहिनींनीच धरलं होतं. मग मजल्यावर नवे शेजारी आले, वहिनी बिल्डिंगच्या बायकांच्या भजनात जायला लागल्या, कमिटीत त्यांचं नाव आलं. आणि एका श्रावणात मी विचारलं, "कुर्ल्या सांगून ठेवू का तुमच्याही?" तर म्हणतात कशा, "आमच्या गौरी गोडाच्याच हो, पहिल्यापासून." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पहिल्यापासून? अहो, नांगी फोडताना तुमच्या अंगठ्याला लागलं होतं, मी हळद लावली होती. पण बोलले नाही. सगळ्यांत राहायचं तर माणसं काय काय गिळतात.

तर या वेळची गोष्ट. गणपती यायच्या आधी समोरच्या बेननी मला पॅसेजमध्ये गाठलं. बेन म्हणजे बारीक अंगाच्या, मृदू बोलणाऱ्या, कांदा-लसूण न खाणाऱ्या. इतक्या वर्षांत आवाज चढलेला मी ऐकला नाही, आणि अशा माणसांचीच मला जास्त भीती वाटते. त्यांनी विचारलं, "भाभी, इस बार गौरी का खाना किस दिन है?"

बाकीचे विचारतात गणपती कधी, विसर्जन कधी. ही बाई नेमकं जेवण विचारते. मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, "अभी देखा नहीं." कॅलेंडर तर स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर टांगलेलं. बेन म्हणाल्या, "देख के बताना हां." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा टाळलं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू पोलिसात का नाही गेलीस?"

गौर आली त्या दिवशी दुपारी तारोडीची मावशी कुर्ल्या घेऊन आली. ही कोळीण आमच्याकडे वर्षानुवर्षं येते. आधी टोपली घेऊन थेट दारात बसायची. आता वॉचमन आत सोडत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी उभी राहते. "आत न्हाय येत बाय," ती म्हणाली, "तुझ्या बिल्डिंगीत माझा आता कोनच न्हाय. तू एकटी हाय." नांग्या सुतळीने बांधल्या होत्या, पिशवी काळी होती, वर मी कोथिंबिरीची जुडी ठेवली. लिफ्टमध्ये शिरले आणि दार मिटता मिटता बेन आत आल्या.

मी पिशवी पायामागे धरली. सगळं ठीक होतं, पण कुर्ल्या जिवंत. पहिला मजला गेला आणि पिशवीत खरखर सुरू झाली. बेननी खाली बघितलं. कोथिंबिरीची जुडी हलत होती. मी छताकडे बघितलं.

"क्या है, भाभी?"

"भाजी."

बेन हळूच म्हणाल्या, "चल रही है."

बेन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होत्या. जप असावा. त्या जिवंत जिवांकडे बघून त्या बाईला काय झालं असेल ते मला दिसत होतं, आणि खरं सांगते, त्या घटकेला मलाही बरं वाटत नव्हतं. तिसरा मजला आला. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "मतलब कल है ना?" मी मान हलवली. "अच्छा," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्या 'अच्छा'वर मी संध्याकाळपर्यंत विचार करत बसले.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. गणपतीच्या पाया पडले, मोदक खाल्ला, चहा घेतला. माणूस सभ्य. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी कप खाली ठेवला. "भाभीजी, हम किसी के खाने के बारे में कुछ नहीं बोलते. लेकिन त्योहार का टाइम है, मेंबर लोग नाराज होते हैं. एक दिन मीठा कर लीजिए. मीटिंग में बात आएगी तो अच्छा नहीं लगेगा."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हा देवाचा नैवेद्य आहे, आमच्या मनचं नाही. त्यावर सेक्रेटरी हसले. "लेकिन आप लोग खुद भी तो गणपति के सामने परदा पकड़ते हैं. मतलब भगवान को भी नहीं चलता ना?"

ते गेले आणि हे सोफ्यावर बसून म्हणाले, "या वर्षी पुरणपोळी करून टाकू. गौर काय तक्रार करणार आहे?"

सासूबाई गौरीपाशी वाती वळत बसल्या होत्या. ऐकू कमी येतं असं आम्ही समजतो, पण ते त्यांच्या मर्जीवर आहे. त्या म्हणाल्या, "पडदा कशाला असतो रे? लेकाला गोड, आईला तिखट, दोघांनी एका घरात जेवावं म्हनून पडदा. चालत नसतं तर एकाला भायेर काढला असता की."

सासूबाईंनी वाती ठेवल्या. "माजी गवर माज्या सासूपासून तिखट जेवते. तिला हितं जेवान मिळनार नसल तर परवा तिची पाठवनी झाली की मला गावी सोडा. फुडल्या वर्षी मी तिकडंच बसवीन."

"एकटी कशी राहशील? घर बंद आहे," हे म्हणाले.

"किल्ली माज्या कमरेला हाय."

त्या नुसतं बोलत नाहीत, करतात. गुडघे धरलेले, दिसतं अर्धवट, त्या बंद घरात विहिरीचं पाणी कोण काढणार होतं? या बाईने मला कमी बोललेलं नाही. माझ्या भाकरीला आजही नावं ठेवते. पण मुलगी लग्न होऊन गेल्यापासून दिवसभर माझ्याशी भांडायला घरात तीच एक आहे. मला ती हवी होती. एका पुरणपोळीपायी मी तिला घालवणार नव्हते.

रागाला जागा हवी असते, म्हणून मी मनातल्या मनात बेनना धरलं. हिनेच सांगितलं. दिवस विचारून घेतला, पिशवी बघितली, 'अच्छा' म्हणाली आणि खाली जाऊन लावालावी केली. भांडी घासता घासता मी त्यांना हिंदीत काय काय सुनावायचं ते जुळवत होते. आणि हातातलं पातेलं तसंच राहिलं.

पडदा. बेनना पडदा कुठून ठाऊक? त्या दरवर्षी पहिल्या दिवशी येतात, उंबऱ्याच्या आत दोन पावलं, हात जोडून परत. जेवणाच्या दिवशी त्यांनी आमच्या दाराकडे कधी पाहिलंही नाही. मी पडद्याचं कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांना सांगण्याची अक्कल नाही. तो पडदा बिल्डिंगमध्ये एकाच बाहेरच्या माणसाने पाहिला होता. पाहिला कसला, धरला होता.

मी सासूबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

सकाळी उठले ते डोकं तापलेलं घेऊनच. वाटण वाटलं, वड्यांचं पीठ मळलं, कुर्ल्या साफ केल्या. खलबत्ता काढला आणि सवयीने खाली टॉवेलची घडी ठेवली. मग ती घडी काढून बाजूला फेकली. अगरबत्ती देवापुरती दोन. खिडकी सताड उघडी. कुटायला सुरुवात केली तसे हे धावत आले. "अगं, हळू. चौथ्यापर्यंत जातोय आवाज."

"तिथपर्यंतच पाठवतेय," मी म्हटलं.

दुपारी ताट वाढलं. हे आणि मी लुगड्याची टोकं धरून उभे राहिलो, गणपती पडद्याआड झाला. सासूबाई गौरीसमोर बसल्या, पानाभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. आणि बेल वाजली.

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आले," हे म्हणाले. "सेक्रेटरी. मेंबर घेऊन आलेत."

पुन्हा बेल. हे टोक सोडायला निघाले तशा सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "पडदा सोडायचा नाय." मी माझं टोक ह्यांच्या दुसऱ्या हातात दिलं. हे दोन्ही हात फाकवून गणपतीसमोर उभे राहिले, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे. मी कालवणाचा डाव हातात घेऊनच दाराशी गेले. म्हटलं, आज काय ते होऊनच जाऊ दे.

दार उघडलं तर समोर बेनच्या दाराला कुलूप. चांगलं मोठं, बाहेरून. आणि तेव्हा मला आठवलं, गेल्या वर्षीही याच दिवशी कुलूप होतं, त्याच्या आधीही. बाई दिवस विचारून मुलीकडे निघून जाते. तिला वास सोसत नसेल, किंवा आम्हाला मोकळं वाटावं म्हणून जात असेल. मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

दारात वरच्या वहिनी उभ्या होत्या. एकट्या. पदराखाली काहीतरी धरलेलं.

"ताई, जेवणं झाली का?"

"देवाचं चाललंय," मी म्हटलं आणि दार अर्धंच ठेवलं.

वहिनींनी जिन्याकडे बघितलं, वर, मग खाली. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाल्या, "थोडं कालवण द्याल? वाटीभर. घरी पुरणपोळीच केलीय, पण गौरीसमोर ताट ठेवलं आणि तिच्याकडे बघवेना. सकाळपासून तुमचा खलबत्ता ऐकतेय." पदराखालून झाकणाची वाटी बाहेर आली, परत आत गेली.

माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली. मी म्हटलं, "ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? आणि सेक्रेटरींना पडद्याचं कोणी सांगितलं, तेही सांगा."

वाटलं होतं, नाही म्हणतील. शपथ घेतील. तेवढ्यासाठी माझी जीभ तयार होती. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले. "कमिटीत विषय निघाला. ते म्हणाले, तुम्ही पण त्यांच्यातल्याच ना. मी घाबरले हो, ताई. बोलून गेले." आणि मग, "सासऱ्यांनी आज पानाला हात लावला नाही."

मला दार लावायचं होतं. अगदी मनापासून लावायचं होतं. हात कडीवर गेलाही होता.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "कोन हाय?"

"वरच्या वहिनी," मी म्हटलं. "कालवण मागायला आल्यात." शक्य तेवढं विष मी त्या वाक्यात घातलं.

सासूबाई म्हणाल्या, "तिला आत घे. ह्याचे हात थरथराय लागले. एक टोक तिला धरू दे."

वहिनींनी चपला काढल्या, वाटी चपलांच्या रॅकवर ठेवली आणि आत आल्या. ह्यांच्या हातातलं दुसरं टोक त्यांनी घेतलं. कसं धरायचं ते सांगावं लागलं नाही, पदर खोचून उभ्या राहिल्या, पूर्वीसारख्याच. पहिलं टोक मी घेतलं. हे हात चोळत बाजूला झाले. मधे ते हिरवं लुगडं, पलीकडे गणपती, अलीकडे गौर आणि वाफ येणारं ताट. माझ्या बाजूने पडदा ताठ होता. त्यांच्या बाजूने हलत होता.

सासूबाईंनी पुन्हा पाणी फिरवलं. मग म्हणाल्या, "जेव गो बाय. पोटभर जेव, लाजू नको. घरात सगळी आपलीच मानसं हायत."

वहिनींनी मान खाली घातली ती गौरीचं जेवण होईपर्यंत वर केली नाही. नंतर मी त्यांची वाटी भरली, काठोकाठ, वर दोन वडे ठेवले, आणि त्या जिन्याने वर गेल्या. वाटी पदराखाली होती की नव्हती ते मी मुद्दाम बघितलं नाही.

गावच्या घराची किल्ली अजून सासूबाईंच्या कमरेलाच आहे, पण तिचं नाव त्यांनी पुन्हा काढलेलं नाही. त्या दिवशी त्या 'लाजू नको' हे गौरीला म्हणाल्या की वहिनींना, याचा मात्र मला अजून संशय आहे. एकदा विचारून बघितलं, तर ऐकू आलं नाही म्हणाल्या.